पाचनंतरची फिरती

मित्रांनो, मी ताडपत्रीची एक जुनी पिशवी आहे. माझा रंग एके काळी खाकी होता. आता उन्हापावसानं तो असा झाला आहे की त्याला नाव देता येत नाही. एका कोपऱ्यावर औषधाचा पिवळा डाग आहे, तळाशी रक्ताचा आहे. पट्टाही मूळचा नाही. शिवण मात्र अजून कुठेच उसवलेली नाही.

माझा जन्म बीदरच्या बसस्टँडमागे, ट्रकच्या सीटा शिवणाऱ्या एका दुकानात झाला. ठाणाकुशनूरच्या विमलबाई एका सकाळी त्या दुकानात आल्या. त्यांची मुलगी पंचशीला नर्सिंगची परीक्षा पास होऊन फिरता दवाखाना चालवणाऱ्या एका कंपनीत लागली होती. नोकरी अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटाची होती. एक गाडी, एक ड्रायव्हर आणि दोन नर्सा. आज या गावी, उद्या त्या गावी. नेमणुकीच्या कागदावर लिहिलं होतं की कंपनी नर्सला बॅग देईल. तीन महिने झाले तरी ती आली नाही. आपली शिकलेली लेक बीपीचं यंत्र साडीच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून गावोगाव फिरते, हे विमलबाईंना बघवेना.

"दोन कप्पे कर, अण्णा," त्या दुकानदाराला म्हणाल्या. "एकात औषधं, एकात कागदं. आन् पट्टा असा लाव की वझ्यानं तुटू नये."

दुकानदारानं ट्रकची उरलेली ताडपत्री घेतली, जाड सुई लावली आणि दुपारपर्यंत मला उभं केलं. विमलबाईंनी मला उलटीसुलटी करून पाहिलं, पट्टा दोन्ही हातांनी ओढून पाहिला आणि मगच पैसे दिले.

पंचशीलानं माझ्या एका कप्प्यात बीपीचं यंत्र, थर्मामीटर, कापूस, कात्री आणि गोळ्या ठेवल्या. दुसऱ्यात फिरतीची वही. त्या वहीत रोज गावाचं नाव, रुग्णांचा आकडा, काम सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ लिहून सही करायची असे. वहीच्या मागे तिनं नेमणुकीचा कागद घडी करून ठेवला होता. तो कागद मला पाठ झाला, कारण सुरुवातीला ती तो फार वेळा वाचायची. पगार. प्रवासभत्ता. मुक्कामी गावी राहण्याची सोय. आजारपणात उपचाराचं कार्ड. कामावर अपघात झाल्यास विमा. बाळंतपणाची सहा महिने पगारी रजा. तिचा नवरा रत्नपाल हैदराबादला इमारतींत वायरिंगचं काम करायचा. तो सुट्टीला आला की ती त्याला तो कागद वाचून दाखवायची आणि तो म्हणायचा, "सरकारी नोकरीवानीच हाय की गं हे!"

आठवड्याचे तीन दिवस आम्ही औराद भागात असायचो. पंधरवड्यातून एकदा पार आळंदकडे, कडगंचीच्या बाजूला पाच-सहा दिवसांचा मुक्काम. राहण्याची सोय म्हणजे शाळेची एक खोली. बाकं भिंतीला सरकवायची, सतरंजी टाकायची आणि दाराला आतून दगड लावायचा, कारण कडी नसे. उशाला मी असायची. प्रवासभत्ता पहिले चार महिने आला, मग "पुढच्या बिलात लावू" असं झालं. उपचाराच्या कार्डासाठी मात्र पगारातून दर महिन्याला न चुकता कापून घेत.

दुसरी नर्स धनलक्ष्मी. ती औरादजवळच्याच एका खेड्यातली. तिच्या पणजोबांच्या मागे मेंढरांचा कळप असायचा. तिची आई म्हाळसाबाई दुसऱ्यांच्या शेतात निंदणी-खुरपणी करायची. धनलक्ष्मीचं लग्न व्हायचं होतं. तिचा उजवा हात इतका हलका होता की रडणारी पोरं सुई टोचून झाल्यावरही टोचण्याची वाट बघत रडत राहायची. पंचशीला तिला हसून म्हणायची, "धना, तुझ्या हाताला डोळे हायत." कानडी, मराठी, दखनी, जी भाषा समोर येईल ती धनलक्ष्मी बोलायची. म्हातारी माणसं औषधापेक्षा तिच्याशी गप्पा मारायला यायची.

माझीही वाहवा झाली. गाडी गावात शिरली की पोरं ओरडायची, "पिशवीवाल्या अक्का आल्या!" कुणी मला हात लावून बघायचं, कुणी आत डोकवायचं. एका वर्षी परिचारिका दिनाला बीदरच्या एका सभागृहात कंपनीनं नर्सांचा सत्कार केला. पंचशीला आणि धनलक्ष्मीच्या अंगावर शाली घातल्या. मला खांद्याला अडकवून पंचशीलाचा फोटो काढला आणि तो कंपनीच्या माहितीपत्रकावर छापला. फोटो झाल्यावर सुपरवायझर शिवराज टेबलाशी उभा राहून शाली परत गोळा करू लागला.

"उद्या यादगीरला कार्यक्रम हाय, अक्का," तो शाली मोजत म्हणाला. "स्वल्प समजून घ्या."

दोघी शाली देऊन गाडीत बसल्या. मग धनलक्ष्मीला हसू फुटलं, पंचशीलालाही आवरेना. ड्रायव्हर नरसिंगनं गाडी बाजूला घेतली आणि तोही पोट धरून हसला. त्या हसण्याची आज मला भीती वाटते. तेव्हाच त्यांना राग यायला हवा होता.

त्याच पावसाळ्यात धनलक्ष्मी तापानं फणफणली. कार्डाचा नंबर घेऊन ती दवाखान्यात गेली. खिडकीतल्या माणसानं संगणकात पाहिलं आणि सांगितलं की असा नंबरच नाही. पंचशीलानं शिवराजला विचारलं.

"सिस्टीममधी यायलंय," तो म्हणाला.

"चार वर्सं झाली, सर. अजून यायलंयच?"

"मी बी तुमच्यासारखाच कंत्राटाचा माणूस हाय, अक्का. वर विचारलं तर वरचे मला विचारतेत, तुला लई पुळका कामून?"

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्याही खिशात अकरा महिन्यांचाच कागद होता.

आता त्या दिवसाचं सांगते.

फेब्रुवारी महिना होता. कडगंचीचं शिबिर पावणेपाचला आटोपलं. नरसिंगनं टेबल-खुर्च्या गाडीत चढवल्या. पंचशीलाला तेव्हा चौथा महिना लागला होता. ते तिनं रत्नपालशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. ती गाडीत टेकून डोळे मिटते न मिटते तोच शिवराजचा फोन आला. तिनं तो धनलक्ष्मीलाही ऐकू यावा म्हणून मोठ्या आवाजावर ठेवला.

"फुडच्या तांड्यावर एक बाळंतीण तापलीय म्हणायलेत. तेवढं बघून या."

"पाच वाजले, सर," धनलक्ष्मी म्हणाली. "आन् गाडीचा मागचा टायर पार गुळगुळीत झालाय. नरसिंगअण्णानं दोनदा सांगितलंय तुमाला."

"उद्या वरचे साहेब आकडा विचारणार हायत. नर्सला कुठं घड्याळ असतंय का, अक्का?"

आम्ही गेलो. तांड्यावरची ती पोरगी अठरा-एकोणीस वर्षांची असेल. तापानं तिचे ओठ फाटले होते. दोघींनी तिला पुसून काढलं, गोळ्या दिल्या, मोठ्या दवाखान्यात न्यायची चिठ्ठी लिहून दिली. तिची सासू तयार होईना. तिला समजावण्यात अर्धा तास गेला. निघालो तेव्हा सव्वासहा वाजले होते. सूर्य समोर होता आणि नरसिंग एका हातानं डोळ्यांवर सावली धरून गाडी हाकत होता.

वळणावर उसानं भरलेली ट्रॉली उभी होती. ती त्याला उशिरा दिसली. त्यानं गाडी वळवली, मागचा टायर फुटला आणि आम्ही रस्त्याच्या कडेच्या चरात आडवे झालो.

मी पंचशीलाच्या मांडीवरून उडून छताला आदळले. गाडी थांबल्यावर सगळीकडे काचा आणि गोळ्या पसरल्या होत्या. पंचशीलाच्या कपाळाला खोक पडली होती. नरसिंगला खरचटलंही नव्हतं. धनलक्ष्मी खिडकीपाशी बसली होती. तिचा उजवा हात दाराच्या पत्र्याखाली अडकला होता.

ट्रॉलीवाल्या माणसांनी गाडी उचलून धरली. रक्त थांबत नव्हतं. पंचशीलानं माझ्या कप्प्यातली कात्री काढली, माझाच पट्टा कापला आणि धनलक्ष्मीच्या दंडाला आवळून बांधला. गाठ पक्की बसली. मित्रांनो, वस्तूला दुखत नाही असं म्हणतात. त्या वेळी मला पट्टा गेल्याचं काही वाटलं नाही. तो कामी आला, एवढंच वाटलं.

कलबुर्गीच्या एका मोठ्या दवाखान्यात पुन्हा कार्ड मागितलं आणि पुन्हा तो नंबर सापडला नाही. सकाळच्या पहिल्या बसनं म्हाळसाबाई आल्या. त्यांनी काउंटरपुढे उभं राहून कानातली फुलं काढली आणि ओट्यावर ठेवली. काउंटरवरच्या माणसानं त्यांना समजावून सांगितलं की इथं दागिने घेत नाहीत, बाहेर सराफाची दुकानं आहेत. त्या विकून आल्या. हात कापावा लागला नाही. पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं मेली. डॉक्टर म्हणाले, आता त्यांत जीव येणार नाही.

त्याच दिवशी अकराच्या सुमाराला शिवराज आला. पंचशीला बाहेर बाकावर बसली होती. कपाळाला टाके होते, मी मांडीवर होते. रात्री डॉक्टरांनी तिचं पोट तपासलं होतं आणि बाळ सुखरूप असल्याचं सांगितलं होतं. हे शिवराजला दवाखान्यातूनच कळलं होतं.

तो तिच्याशेजारी बसला. बराच वेळ त्यानं धनलक्ष्मीची चौकशी केली. मग हळूच म्हणाला, "वही कुठाय, अक्का?"

तिनं वही काढून दिली. कालच्या पानावर गावाचं नाव आणि रुग्णांचा आकडा होता. काम संपल्याची वेळ तेवढी लिहायची राहिली होती. शिवराजनं ते पान पाहून मोठा श्वास सोडला.

"पाच लिवा," तो म्हणाला. "पाचला काम संपलं. फुडं तुमी तुमच्या मर्जीनं गेलाव."

"फोन तुमीच केलता की."

"केलता. फोन म्हंजे कागद न्हाई."

"आन् धनाचं काय? तिचा हात गेलाय, सर."

शिवराजनं इकडेतिकडे पाहिलं. "विमा भरलेलाच न्हाई वरून. खरं लिवलं तर कंपनीला घरातून भरपाई द्यावी लागंल. मग गाडी बंद. तुमी बी घरी, मी बी घरी." त्यानं तिच्या पोटाकडे पाहिलं. "तुमची नेमणुकीची ऑर्डर म्हैन्याच्या शेवटी संपायलीय. पोटातल्या लेकराचा इचार करा. नवी ऑर्डर काढतो, रजेची फाईल मी सोता पाठवतो. पगारी सहा म्हैने."

पंचशीलानं वही मांडीवर ओढली. तिनं नेमणुकीचा कागदही काढला, रजेची ओळ शोधली आणि त्या ओळीवर बोट ठेवून ती तशीच बसली. शिवराजनं खिशातलं पेन काढून टोपण उघडलं आणि तिच्यापुढे धरलं.

तिनं स्वच्छ कानडी अक्षरात लिहिलं: सायंकाळी पाच वाजता काम समाप्त. पुढील प्रवास खासगी. आणि सही केली.

शिवराजनं ते पान फाडून घेतलं नाही. अख्खी वहीच नेली.

मग पंचशीला मला छातीशी धरून आत गेली. धनलक्ष्मी जागी होती. हाताला खांद्यापर्यंत पट्ट्या होत्या, चेहरा पिवळा पडला होता. पंचशीलाला पाहून तिनं डावा हात पुढे केला.

"तू व्हतीस म्हणून जिती ऱ्हायले," ती म्हणाली. मग म्हणाली, "पंचू, वहीत येळ लिवलीस का गं? सहा वाजून गेल्ते. लिवून ठेव बरं. उद्या कामी येईल."

"लिवलंय," पंचशीला म्हणाली.

मी तिच्या छातीशीच होते. माझा वहीचा कप्पा रिकामा होता.

महिना संपला. शिवराजनं शब्द पाळला. नवी ऑर्डर आली आणि त्यात बाळंतपणाच्या रजेची ओळही होती. पण कागदाच्या माथ्यावर कंपनीचं नाव वेगळं होतं. गाडी तीच, माणसं तीच, खोलीच्या दाराला लावायचा दगडही तोच. नाव तेवढं बदललं होतं. रजा हवी तर या नव्या कंपनीत अमुक इतकी नोकरी झालेली असली पाहिजे, असं खाली बारीक अक्षरात छापलं होतं. पंचशीलाची मागची पाच वर्षं त्या नव्या नावाखाली येत नव्हती.

"सर, तुमी म्हणालात की—"

"कंपनी नवी हाय, अक्का. मी तरी काय करू?"

ती फिरत राहिली. रत्नपालनं पट्ट्याच्या जागी सुताची दोरी बांधून दिली होती. ती खांद्यात रुतायची. गरोदर बायकांना ती सांगायची, जड उचलू नका, खडबडीत रस्त्यानं गाडीत बसू नका, दुपारी आडव्या व्हा. बायका तिच्या पोटाकडे बघायच्या आणि मान डोलवायच्या. आठव्या महिन्यात तिला गाडीची पायरी चढता येईना. शिवराजनं फोनवर सांगितलं, "झेपत नसंल तर घरी बसा. बदलीची नर्स तयार हाय." ती घरी बसली. पगार त्या दिवसापासून थांबला. मुलगी झाल्यावर दोन महिन्यांनी तिनं फोन केला, तेव्हा कळलं की तिची जागा भरली आहे.

मी ठाणाकुशनूरच्या घरात खुंटीवर लटकत राहिले. कुणी मला झटकलं नाही. आत बाळाचे लंगोट कोंबलेले असायचे.

धनलक्ष्मीनं कामगार कार्यालयात भरपाईचा दावा लावला होता. पंचशीलाला हे ऐकून ठाऊक होतं. धनलक्ष्मीकडे जायचं धाडस तिला झालं नव्हतं. एका सकाळी दारात म्हाळसाबाई उभ्या राहिल्या. बसनं आल्या होत्या, पायांवर धूळ होती. विमलबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. ओच्यातून एक घडी केलेला कागद काढला आणि पंचशीलापुढे धरला.

"कंपनीनं हे लावलंय," त्या म्हणाल्या. "मला कानडी वाचता येत न्हाई. पोरीनं वाचलं आन् भित्तीकडं तोंड करून निजली. ही सही तुझी व्हय?"

वहीच्या त्या पानाची छापील प्रत होती.

"व्हय," पंचशीला म्हणाली.

विमलबाईंनी तांब्या खाली ठेवला. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

म्हाळसाबाई ओरडल्या नाहीत. झोळीत झोपलेल्या बाळाकडे त्यांनी पाहिलं. जवळ जाऊन झोळीचा पदर बाजूला केला.

"हिच्यासाटी केलीस?"

"व्हय."

"मंग मिळालं का हिला काही?"

"न्हाई, मावशी."

म्हाळसाबाईंनी पदर पुन्हा नीट केला. "आमचं बी गेलं, तुझं बी न्हाई आलं," त्या म्हणाल्या. "मंग कुणाचं भलं केलंस, बाई?" उत्तराची वाट न बघता त्या बसकडे चालू लागल्या.

पुढच्या सुनावणीला पंचशीला स्वतःहून गेली. काखेत बाळ, खांद्याला मी. निकाल देणाऱ्या साहेबांपुढे उभं राहून तिनं सांगितलं, फोन कुणी केला, तांड्यावर किती वाजेपर्यंत काम चाललं, वेळ कुणी लिहायला लावली. धनलक्ष्मी समोरच्या बाकावर बसली होती. तिनं मान वर केली नाही.

कंपनीचा वकील सभ्य माणूस होता. त्यानं बाळाचं नाव विचारलं, मग म्हणाला, "बाई, या पानावर तुम्ही खोटं लिहिलं असं तुम्हीच म्हणता. का लिहिलंत?"

"बाळंतपणाची रजा मिळल म्हणून."

"म्हणजे लाभ मिळणार असेल तर तुम्ही खोटं लिहिता. आज तुमची नोकरी गेलेली आहे, कंपनीवर राग आहे. मग आज कशासाठी खरं सांगाल?"

तेवढ्यात बाळ रडू लागलं. शिपायानं तिला बाहेर जायची खूण केली.

फोनबद्दल शिवराजनं सांगितलं की तो आपणच केला होता, पण जेवणखाण झालं का एवढं विचारायला. नरसिंग अजून त्याच गाडीवर होता. त्यानं स्वतःच्या चपलांकडे बघत सांगितलं की पाच वाजता काम संपलं होतं. बाहेर आल्यावर तो भिंतीशी उकिडवा बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरून राहिला.

दोन महिन्यांनी निकाल लागला. साक्षीदार दोनदा दोन गोष्टी सांगते, सबब तिच्यावर विसंबता येत नाही. नोंदवहीप्रमाणे अपघात कामाच्या वेळेबाहेरचा. दावा फेटाळला. निकाल ऐकायला पंचशीलाही गेली होती. ती कार्यालयाच्या पायऱ्यांवर अंग चोरून बसली. म्हाळसाबाई तिच्याजवळून तशाच खाली उतरून गेल्या. धनलक्ष्मी मात्र थांबली. वर्षभरात दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"पेन हाय का?" धनलक्ष्मीनं विचारलं.

पंचशीलानं मला उघडून पेन काढलं.

"वर अपील करायचंय. माझ्या हातात पेन ऱ्हात न्हाई. मजकूर मी सांगते, तू लिव."

"मी लिवलेलं चालंल तुला?"

"तुझं अक्षर चांगलं हाय," धनलक्ष्मी म्हणाली. "साहेबांनी त्याच अक्षरावर भरवसा ठेवला. आता मी सांगते तेवढंच लिव. एक शब्द इकडचा तिकडं करू नको."

धनलक्ष्मी तिच्यापासून दोन पायऱ्या वर बसली. कागदाखाली टेकू म्हणून पंचशीलानं मला मांडीवर आडवं घेतलं. धनलक्ष्मी कानडीत सांगत गेली आणि ही लिहीत गेली. कडगंची, पावणेपाच. फोन. तांडा. तापलेली बाळंतीण. सव्वासहा. मग ते पान आलं. "माझ्या सोबतच्या नर्सनं स्वतःच्या रजेसाठी खोटी वेळ लिहिली," धनलक्ष्मीनं सांगितलं. पेन थांबलं. धनलक्ष्मीनं तेच वाक्य पुन्हा, तितक्याच सावकाश सांगितलं. पंचशीलानं ते लिहिलं. तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यावर पडत होतं. कागदावर पडू नये म्हणून ती मान वळवून लिहीत होती.

खाली सही करायची वेळ आली. धनलक्ष्मीनं पेन डाव्या हातात घेतलं. शिकायला लागलेल्या पोरासारखी तिची अक्षरं वाकडी, लहानमोठी पडली. तिला बराच वेळ लागला. पंचशीलानं मदतीला हात पुढे केला तेव्हा ती म्हणाली, "सोड."

कागद घेऊन ती उठली आणि पुन्हा पायऱ्या चढून आत गेली. पंचशीला तिच्या मागे गेली नाही.

त्या अपिलाचं अजून काही कळलेलं नाही. पंचशीला आता औरादला एका खासगी दवाखान्यात दिवसपाळी करते. तिथं मला नेत नाही. त्या दोघी मैत्रिणी उरलेल्या नाहीत. अपिलाची तारीख पडली की मात्र ती मला खुंटीवरून काढते, कागद भरते आणि जाते. धनलक्ष्मी तिच्याशी कामापुरतं बोलते.

मित्रांनो, तुमच्या दारात फिरती नर्स आली की तिच्या पिशवीत काय काय आहे ते बघायला तुम्ही धावता. खुशाल बघा. पण एकदा हेही विचारा की अक्का, वाटेत तुमचंच काही झालं तर तुम्हाला कोण बघणार? बहुतेक वेळा ती हसेल आणि म्हणेल, दंड पुढे करा. तिच्या त्या हसण्यावर जाऊ नका. पुन्हा विचारा.